चार नंबरला विश्रांती

८ मार्च, बुधवार

आजपासून मी मुपुंडू रोव्हर्सचा चिटणीस. वय एक्कावन्न, उजवा गुडघा कायमचा रुसलेला, आणि हातात किल्ल्यांचा असा जुडगा की त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलुपं खाण सरकारकडे होती त्या काळातच हरवली. बारा वर्षं या संघाच्या बचावफळीत चार नंबरची जर्सी घालून उभा राहिलो. तेव्हा समोरून येणाऱ्या माणसाला आडवं करणं एवढंच कर्तव्य होतं. आता समोरून कागद येतात. त्यांना आडवं करता येत नाही, त्यांच्यावर सही करावी लागते.

कार्यालयाची मालमत्ता: एक टेबल, दोन खुर्च्या, एक फॅक्सचं यंत्र (वृद्ध आहे, दोनतीनदा हाक मारल्यावर ओ देतं) आणि १९९१ सालची संघाची तसबीर. तीत मी मागच्या रांगेत आहे. माझ्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं धरून उभा असलेला डावा विंगर म्हणजे शावा.

शावा गेली चौदा वर्षं संघाचा व्यवस्थापक आहे. बूट, तिकिटं, पंचांच्या कागदांवर सह्या, सगळं त्याच्याकडे. तो जमातीने न्गोनी, मी बेम्बा. आमच्या पणजोबांनी एकमेकांचे गळे कापले, म्हणून आम्हाला एकमेकांची यथेच्छ टवाळी करण्याचा वारसाहक्क मिळाला. या थट्टेच्या नात्यात काहीही बोलावं, कुठंही बोलावं, आणि राग मात्र येऊ देऊ नये. ज्याला राग आला तो असंस्कृत.

सकाळी दारातूनच ओरडला, “ए माकडखाऊ, खुर्ची मिळाली म्हणून झाडावर घेऊन जाऊ नकोस!”

“नेली असती, पण तुझ्या जेवणाने पाय कुरतडलेत तिचे,” मी म्हटलं. पूर्वेकडची ही मंडळी शेतातले उंदीर भाजून खातात, हे त्यांना दिवसातून एकदा ऐकवायचं असतं.

मग मी अधिकाराने जाहीर केलं, की यापुढे सगळं लेखी.

“लेखी? तुला वाचता येतं, हे वहिनींना माहीत आहे का?”

ही दैनंदिनी वहिनींनीच, म्हणजे माझ्या बायकोने, कांग्वाच्या आईने, रुग्णालयातून आणून दिली. तिथे ती परिचारिका आहे. दर पानाच्या पायथ्याशी जंताच्या गोळीची जाहिरात आहे. माझ्या विचारांना आधार असलेला बरा.

२६ मार्च, रविवार

काल मलावीच्या संघाला घरी पाठवलं. आता अबिजानचा संघ: एक सामना त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. तो अडथळा पार केला की आफ्रिकेतले शेवटचे आठ. मुपुंडूत हे आजवर कधीच घडलेलं नाही. १९९१ साली आम्ही याच उंबरठ्यावर होतो आणि चेंडू माझ्या पायाला लागून आमच्याच जाळ्यात गेला. गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही. शावा सोडून.

माझी जर्सी आता लॅक्सन न्गोसाकडे आहे. चौतीस वर्षांचा कर्णधार, रात्रपाळीला खाणीत, दुपारी सरावाला. काल त्याला पिवळं कार्ड मिळालं. आणखी एक मिळालं तर पुढचा सामना घरी बसून. मी त्याला दम दिला, “माझ्या जर्सीला डाग नको.” तो म्हणाला, “बा चिशिंबा, तुमच्या वेळचे डागच अजून निघाले नाहीत.” नावाआधी आदराचा ‘बा’ लावतात, पण पोरं उद्धट झाली आहेत. बरं वाटलं.

अध्यक्ष म्वाबा जाताना माझा दंड धरून म्हणाले, “ही फेरी जिंकू द्या. मग तुमचं नाव वर पाठवतो. विभागाच्या समितीवर आपला माणूस हवा, खेळलेला.” मी नम्रपणे हसलो. घरी आल्यावर कोट इस्त्रीला दिला.

९ एप्रिल, रविवार

अबिजानला आम्ही ०–१ हरलो. मी इथेच होतो. विमानात जागा मोजक्या, आणि चिटणिसापेक्षा गोलरक्षक अधिक उपयोगी पडतो असं ठरलं. रेडिओला कान लावून बसलो होतो. शेवटची शिट्टी झाल्यावर मैदानात मोठी हमरीतुमरी झाली म्हणे. पंचाने गर्दीत हात उंचावून कार्ड दाखवलं. कुणाला, ते समालोचकाला कळलं नाही, कारण तोही तोवर भांडणात शिरला असावा.

दोन गोलांनी जिंकायचं आहे. शक्य आहे.

१२ एप्रिल, बुधवार

संघ परतला. लॅक्सनला विचारलं, “ते कार्ड कुणाला?” तो म्हणाला, “चौदा नंबरला बहुतेक. पंच माझ्या खांद्यावरून कुठेतरी बघत होता.” ठीक.

शावाने एक कागद टेबलावर आपटला. “पंचाचा. फ्रेंचमध्ये आहे. वाच, तुला सगळं लेखी हवं होतं ना?”

फ्रेंच भाषेचा आणि माझा संबंध पावाच्या एका प्रकारापुरता. शावा तरुणपणी सीमेवर काँगोच्या व्यापाऱ्यांबरोबर कापड विकायचा, त्याला मोडकीतोडकी येते. पण त्याला अर्थ विचारणं म्हणजे महिनाभराची चेष्टा विकत घेणं. मिशनमधले फादर चांग्वे फ्रेंच शिकलेले आहेत, त्यांच्याकडून सावकाश वाचून घेईन. पवित्र सप्ताह असल्यामुळे ते खेडोपाडी फिरतायत. ईस्टर उलटल्यावर येतील. कागद ट्रेमध्ये ठेवला. ट्रेवर माझ्या अक्षरात ‘तातडीचे’ असं लिहिलेलं आहे.

१८ एप्रिल, मंगळवार

आज पोटभर हसलो. शावाने माझ्या आज्ञेचं पालन करून लेखी अर्ज दिला. इथे डकवतो:

‘चिटणीस, माकडखाऊ विभाग, यांस. विषय: चार नंबरला विश्रांती. लॅक्सन शनिवारी उतरला तर अबिजानवाले खुर्चीत बसून जिंकतील. आपल्याला दोनपर्यंत मोजता येत असेल तर मोजावं. येत नसेल तर आजोबांना झाडावरून खाली बोलवून त्यांच्याकडून मोजून घ्यावं. आपला मालक, शावा.’

डाव कळला. महिनाभर हा त्याच्या गावाकडच्या एका पोराला चार नंबरवर उतरवा म्हणून मागे लागलाय. लॅक्सनचे दोन्ही पाय थकले असं त्याचं मत. दोनपर्यंत मोजायला सांगतो!

जेवताना कांग्वाच्या आईला वाचून दाखवलं. ती हसली नाही. मक्याच्या न्शिमाचा गोळा बोटांत तसाच धरून म्हणाली, “खुर्चीत बसून कसे जिंकतील?”

“अगं, थट्टा आहे.”

“विचारा तरी एकदा.”

“थट्टेचा अर्थ विचारणं हा अपमान असतो.”

“कुणाचा?” ती म्हणाली. भाजी छान झाली होती, शेंगदाण्याचं कूट घातलेली.

२० एप्रिल, गुरुवार

आमच्या काळचा गोलरक्षक, म्हातारा चिपासा, मंगळवारी गेला. आज दफन. चिपासा बेम्बा, त्यामुळे कबरीपाशी थट्टेचा मान न्गोनींचा, म्हणजे अर्थात शावाचा.

काय रंगात आला होता! आधी कबरीच्या काठावर आडवा पडला. “पैसे ठेवल्याशिवाय उठणार नाही. हा माणूस माझं देणं बुडवून चाललाय, १९८८ साली माझा सोपा झेल सोडला होता!” मग चिपासा कसा उडी मारायचा ते दाखवलं, म्हणजे चेंडू जाळ्यात गेल्यावर. विधवेने चितेंगेच्या पदरात तोंड लपवलं, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. यासाठीच तर थट्टेकरी असतात.

मग तो माझ्याकडे वळला. फावडेवाल्यांना म्हणाला, “थांबा रे, शेजारी आणखी एक खड्डा खणा! चार नंबरला पण आजच पुरून टाका. शनिवारपुरता मेलाय तो. दोन पिवळी कार्डं कपाळाला चिकटवून निजलाय. आणि आमचा हा चिटणीस, एकानंतर काय येतं ते याला ठाऊक नाही, हा मढ्याला मैदानात धावायला लावणार!”

हशा असा उठला की मुपुंडूच्या झाडावरचे कावळे उडाले. अध्यक्षांचा चष्मा पडला. मी स्वतः डोळे पुसत पाचशेची नोट खड्ड्याच्या काठावर ठेवली (तिला पावसुद्धा येत नाही, पण मान मानाच्या ठिकाणी). लॅक्सनही पोट धरून हसत होता. त्याच्या नावावर एकच कार्ड आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पण शावाला चांगल्या विनोदाआड आकडे येऊ द्यायचे नसतात.

तिथूनच तो पूर्वेकडे गेला. त्याची आई फार आजारी आहे. बसमध्ये चढताना माझा हात त्याने जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

“कळलं ना तुला?”

“कळलं रे उंदीरखाऊ, जा.”

“हसतोयस म्हणजे कळलं,” तो म्हणाला. एकदम समाधानी दिसला.

शनिवारी खेळाडूंच्या यादीवर सही मीच करायची. कोट तयार आहे.

२२ एप्रिल, शनिवार

२–० !!

दुसरा गोल लॅक्सनचा. एकाहत्तराव्या मिनिटाला, कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर. मी पाहिलं तेव्हा चार नंबर हवेत होता आणि क्षणभर मला माझाच गुडघा बरा झाल्यासारखं वाटलं. पंधरा वर्षांनी ती जर्सी योग्य जाळ्याच्या दिशेने उडाली.

पाहुण्यांचे अधिकारी अत्यंत सभ्य गृहस्थ. सामन्याआधी माझी यादी घेतली, चवथ्या नावावर बोट ठेवलं, आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, “हे नक्की?” मी म्हटलं, “कर्णधार आहे तो आमचा.” त्यांनी नाव वहीत उतरवून घेतलं आणि यादीची एक प्रत मागितली, माझ्या सहीची. “फार छान खेळाडू,” म्हणाले. हरल्यावरही हसतमुख. हस्तांदोलन दोनदा केलं. आमच्या लोकांनी हे शिकायला हवं.

गाव रस्त्यावर आहे. कुणीतरी खाणीचा भोंगा वाजवला.

२४ एप्रिल, सोमवार

फॅक्स आला. फ्रेंचमध्ये. त्यात मला दोनच गोष्टी वाचता आल्या: NGOSA आणि 4.

ट्रेमधला कागद काढला आणि दोन्ही घेऊन मिशनमध्ये गेलो. फादर चांग्वे प्रवासाने थकलेले, पाय गरम पाण्यात बुडवून बसले होते. आधी पंचाचा कागद वाचला. “सामना संपल्यानंतर गैरवर्तन. पिवळं कार्ड. क्रमांक चार, न्गोसा. स्पर्धेतलं दुसरं. खाली सही शावाची.” मग फॅक्स वाचला. “अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल हरकत. सामना ०–३ असा त्यांच्या बाजूने द्यावा, अशी मागणी आहे.”

“फादर, काही करता येईल?”

त्यांनी पाण्यातून एक पाय काढला, मग पुन्हा आत ठेवला. “हा कागद तुझ्याकडे कधी आला?”

“ईस्टरच्या आधी.”

त्यांनी दोन्ही कागद घडी घालून परत दिले. पाद्री लोकांचं मौन फार लेखी असतं.

घरी येऊन डकवलेला अर्ज पुन्हा वाचला. यात एकही शब्द थट्टेचा नाही. फक्त माकडं तेवढी थट्टेची आहेत.

२६ एप्रिल, बुधवार

कुणाला सांगितलेलं नाही. अध्यक्षांना सांगितलं, ते म्हणाले, “कुणाला सांगू नका.”

बाजारात बायकांनी संघाच्या रंगाचं चितेंगे कापड छापायला दिलंय. त्यावर लॅक्सनचं डोकं आणि चेंडू. मला पाहिलं की गाणं म्हणतात. मी हात हलवतो. हात हलवणं हा आता माझ्या कामाचा प्रमुख भाग आहे.

दुपारी लॅक्सन आला. खाणीतून रजा मिळावी म्हणून पत्र हवं होतं, पुढच्या फेरीसाठी. “तीन महिन्यांची लिहा, बा चिशिंबा. एकदाच मागतोय जन्मात.” मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, शिक्क्यासह. दुसरं काय करू शकत होतो? तो पत्राची घडी टोपीत ठेवून गेला.

शावाच्या गावात टेलिफोन लागत नाही. लागला असता तर काय बोललो असतो, हा निराळा प्रश्न.

३० एप्रिल, रविवार

चर्चमध्ये उपकार-प्रार्थना. मला पुढच्या बाकावर बसवलं. फादर चांग्व्यांनी प्रवचन नम्रतेवर केलं आणि अर्धा तास माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

जेवण मैदानावर. मक्याच्या मुन्कोयो पेयाची पिंपंच्या पिंपं. चिपासाच्या विधवेने माझ्या हातात पेला दिला. “ते असते तर! आणि शावा काय बोलला हो त्या दिवशी, मढ्याला धावायला लावणार! खरंच लावलंत की!” सगळे हसले. मीही हसलो. हसू कसं येतं हे आता मला बारकाईने माहीत झालं आहे: आधी गाल वर जातात.

३ मे, बुधवार

०–३. बाद. अपिलाची मुदत आणि शुल्क कळवलं आहे. नियमही उद्धृत केला आहे, की कार्डांची मोजदाद ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी क्लबची.

लॅक्सनला मीच सांगायला गेलो. तो अंगणात बूट घासत होता. पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे ते कार्ड माझं होतं?”

“हो.”

“आणि बा शावा कबरीपाशी जे बोलले ते…”

“हो.”

“मी पण हसलो होतो,” तो म्हणाला. मग टोपीतून रजेचं पत्र काढलं, उलगडून माझ्याकडे दिलं. “हे परत घ्या. शिक्क्याचं आहे, कुठे चुकीच्या हातात पडायला नको.” मग पुन्हा बूट घासायला लागला.

५ मे, शुक्रवार

शावा परतला. आईला थोडा उतार आहे. स्टँडवरच कुणीतरी त्याला निकाल सांगितला असावा, कारण तो तडक कार्यालयात आला, अंगावर दोन दिवसांची धूळ घेऊन.

“तू त्याला उतरवलंस?”

“मला वाटलं…”

“मी लेखी दिलं. पंचाचा कागद दिला. चारशे लोकांसमोर कबरीच्या काठावर उभं राहून सांगितलं.”

“तू थट्टा करत होतास.”

“अरे, मग कसं सांगू तुला? तीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललोय आपण? तू हसलास. कळल्यावरच माणूस हसतो ना?”

मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

मैदानाबाहेर पोरं जमली होती. “दोन मोजता येईना!” असं ओरडत होती. कुणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हतं.

८ मे, सोमवार

समितीची बैठक. मी सर्व प्रामाणिकपणे मांडायचं ठरवलं होतं. शावाचा अर्ज या पानांतून सोडवून खिशात नेला होता. तो अध्यक्षांना दिला.

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘माकडखाऊ विभाग’ला खजिनदार फिस्सकन हसले. ‘आजोबांना झाडावरून’ला सगळेच. अध्यक्षांना मध्येच थांबून पाणी प्यावं लागलं. मग एकेकाने लाजून समोरचे कागद चाळले.

“शावा, हा काय अर्ज आहे?” अध्यक्ष म्हणाले. “असं लिहिलेलं पाहून कोण बेम्बा खरं मानेल? तुम्ही याचे थट्टेकरी. मी असतो तरी हसलोच असतो. आम्ही सगळे हसलो, आत्ता हसलो.”

“मी तीनदा सांगितलं.”

“थट्टेत सांगितलंत. थट्टेत सांगितलेलं सांगितलेलं नसतं. चिटणिसांनी मनावर घ्यायचं नसतंच ते. आपली रीत आहे.” माझ्याकडे वळून म्हणाले, “काय चिशिंबा?”

सगळे माझ्याकडे बघत होते. शावाही. मी घसा खाकरला. पंचाचा कागद दहा दिवस माझ्याच ट्रेमध्ये पडून होता, हे सांगण्यासाठीच खाकरला होता. परंतु तेवढ्यात खजिनदारांनी “बरोबर आहे” म्हटलं, आणि विषय पुढे गेला. बैठकींचा वेग आपल्या हातात नसतो.

मी राजीनामा देऊ केला. म्हणजे, देऊ करण्याच्या बेतात होतो. अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गावाला तुमची गरज आहे.”

व्यवस्थापकपदावरून शावाला मुक्त करण्यात आलं. ठरावाचा मसुदा मी लिहिला. ‘प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता’ हे शब्द माझ्या आग्रहाने आले. एवढं करता आलं.

शावाने सामानघराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी वाट बघत होतो. माकड, झाड, आजोबा, काहीतरी.

“चिटणीस साहेब,” तो म्हणाला, “डावीकडच्या कपाटाची किल्ली जरा अडते. तेल घालून घ्या.”

साहेब!

१९ मे, शुक्रवार

फॅक्सवर नेमणूक आली. विभागीय शिस्तपालन समिती. पहिली बैठक २९ तारखेला, गॅबोरोनला. विषयपत्रिकेतला दुसरा विषय: कार्डांची मोजदाद ठेवण्यातला क्लबांचा निष्काळजीपणा. अनुभवी व्यक्ती म्हणून माझं नाव सुचवलं गेलं, असं अध्यक्ष अगदी गंभीरपणे म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती.

बातमी ऐकून कांग्वाची आई म्हणाली, “आणि तुम्ही हो म्हणालात.” तो प्रश्न होता की नव्हता, ते मला ठरवता आलं नाही.

शावा रोज संध्याकाळी आमच्या घरावरून जातो. मी ओसरीत असतो. मी हाक मारतो, “ए उंदीरखाऊ!” तो थांबतो, टोपी काढतो, “नमस्कार, साहेब,” म्हणतो आणि जातो. त्याला राग आला असता तर ते समजण्यासारखं होतं. याला राग आलेला नाही. त्याने फक्त नातं बंद केलं आहे, आणि ते बाहेरून उघडत नाही.

२४ मे, बुधवार

शावाची आई काल गेली. तो कालच निघून गेला.

मी म्हटलं, “पत्र पाठवू. माणूस या मनःस्थितीत…”

“तुम्ही बेम्बा आहात,” कांग्वाची आई माझी पिशवी भरत म्हणाली. “तुम्ही नाही गेलात तर तिच्या कबरीपाशी थट्टा कोण करणार? म्हातारी काय गप्प जाणार?”

“त्याला नको असेल.”

“त्याला विचारून नाही जात कुणी. आणि अहो,” पिशवीचा बंद आवळत ती म्हणाली, “बोलायचं ते तिथे बोला. तिथे कुणी अडवत नाही.”

बैठक सोमवारी आहे. शनिवारी दुपारची परतीची बस धरली तर वेळेत पोचेन. ती एकच आहे.

२७ मे, शनिवार. बसमध्ये, अक्षर हलतंय

दफन सकाळी झालं. टेकडीच्या उतारावर, तांबड्या मातीत. शेदोनशे माणसं. मी आल्याचं कळताच गर्दीने वाट दिली. म्हाताऱ्या एकमेकींना कोपराने ढोसून म्हणू लागल्या, “बेम्बा आलाय! कॉपरबेल्टच्या खाणींहून! आता बघा.” शावा खड्ड्याच्या पलीकडे, टोपी हातात घेऊन.

शवपेटी खाली ठेवताना सगळे माझ्याकडे पाहू लागले. वाटेत पाचसहा थट्टा तयार केल्या होत्या, उंदरांच्या, चांगल्या. खड्ड्याच्या काठावर आडवाही पडलो, रीतीप्रमाणे. ताजी माती गालाला गार लागली. तोंड उघडलं आणि त्यातून दुसरंच बाहेर आलं.

“आजी,” मी म्हटलं, “ऐकून जा. तुझा मुलगा निर्दोष आहे. त्याने मला तीनदा सांगितलं. पंचाचा कागद दिला, तो मी वाचला नाही. पत्र दिलं, ते मी बायकोला वाचून दाखवून हसलो. भर स्मशानात ओरडून सांगितलं, त्याचे मी पैसे दिले. यादीवर सही माझी. त्याला काढलं तेव्हा मी फक्त घसा खाकरला. आणि आता मला मोठ्या समितीवर नेमलंय, लोकांना दोनपर्यंत मोजायला शिकवायला!”

मग पहिली शावाची मावशी फुटली. मग सगळी टेकडी. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होती. “घसा खाकरला!” कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा लाट उठली. मी म्हणत होतो, “खरं सांगतोय, अहो, खरं आहे हे!” दर वेळी ते आणखी हसत. मावशीने डोळे पुसत माझ्या हातात पाचशेची नोट कोंबली. “इतकी वर्षं झाली, असा बेम्बा आला नव्हता इथे. आमच्या बहिणीला वाजतगाजत पाठवलंस रे!”

मी उठून गुडघ्यावरची माती झटकली आणि पलीकडे पाहिलं. एवढ्या माणसांत एकटाच हसत नव्हता. तो खड्ड्याला वळसा घालून माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, आता. माझी मान आपोआप पुढे झाली, टपली मारायला सोपी जावी म्हणून.

त्याने माझ्या कोटाच्या पाठीवरची माती हाताने झाडली. नीट, खांद्यापासून खालपर्यंत.

“निघा, साहेब,” तो म्हणाला. “तुमची बस चुकेल.”

चुकली नाही.